मैत्रीवरचे रशियन घड्याळ पुन्हा चालू करताना

वीस वर्षे लोखंडी कपाटात बंद पडून राहिलेले एक सोव्हिएत घड्याळ पुन्हा चालू करण्यासाठी मला दहा महिने, तीन कारागीर आणि सुमारे नऊ हजार रुपये लागले. बाजारात त्या घड्याळाला याहून फार जास्त किंमत येणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. घरात वडिलांचे किंवा आजोबांचे चावीचे घड्याळ पडून आहे, पण ते कोणाकडे न्यावे, काय विचारावे आणि सुटा भाग परदेशातून मागवला तर टपालात त्याचे काय होते हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळे क्रमाने लिहीत आहे. मात्र घड्याळ ज्या थंडीतून आले तिच्याविषयी सांगितल्याशिवाय त्याच्या दुखण्याचा उलगडा होत नाही. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

मी पुण्यात हवामान खात्यात निरीक्षक होतो. १९९४ मध्ये अंटार्क्टिकाच्या हिवाळी तुकडीसाठी माझी निवड झाली. दिल्लीत वैद्यकीय तपासण्या झाल्या, औलीला बर्फावर चालण्याचे आणि दोर वापरण्याचे प्रशिक्षण झाले, आणि डिसेंबरमध्ये गोव्याच्या मुरगाव बंदरातून आमचे जहाज निघाले. जवळजवळ महिनाभराने बर्फाची कड दिसली आणि तिथून हेलिकॉप्टरने आम्ही ‘मैत्री’ या भारतीय संशोधन केंद्रावर पोचलो. हे केंद्र शिर्माखर ओअॅसिस नावाच्या खडकाळ, उघड्या जमिनीवर पोलादी पायांवर उभे आहे. समोर प्रियदर्शिनी तलाव, आणि चार-पाच किलोमीटरवर रशियनांचे नोव्होलाझारेव्स्काया केंद्र. उन्हाळी मंडळी मार्चमध्ये परतली आणि आम्ही पंचवीसएक माणसे वर्षभरासाठी मागे राहिलो.

माझ्या मनगटावर एचएमटीचे ‘पायलट’ होते. काळी डायल, सतरा ज्वेल (म्हणजे चाकांची झीज वाचवणारे खडे), रोज सकाळी चावी द्यायची. पुण्यात ते दिवसाला अर्धा मिनिट पुढे जायचे, त्यापलीकडे त्याची काही तक्रार नव्हती. मैत्रीवर मात्र त्याचे काय करावे हेच मला कळेना. दर तीन तासांनी बाहेर जाऊन तापमान, वारा, ढग आणि दृश्यमानता यांची नोंद करायची आणि ती ग्रिनिच वेळेप्रमाणे ठरल्या मिनिटाला पाठवायची, हे माझे काम. घड्याळ मनगटावर हातमोज्याच्या आत ठेवले तर वेळ बघण्यासाठी मोजा मागे सारावा लागे आणि उणे तीसमध्ये तेवढ्या क्षणात कातडीला चटका बसे. म्हणून इतरांप्रमाणे मीही लांब पट्टा लावून ते जाड कोटाच्या बाहीवर बांधू लागलो. पंधरा-वीस मिनिटांत काटा रेंगाळायचा आणि मग थांबायचा. आतले तेल घट्ट होते आणि वेळेचा ठेका धरणाऱ्या बॅलन्सच्या चाकाला हेलकावा घ्यायला बळ उरत नाही, एवढे मला समजत होते. आत आल्यावर उबेत दहा मिनिटे गेली की घड्याळ आपले आपणच चालू व्हायचे, आणि काचेच्या आतल्या बाजूला बारीक धुके धरायचे. ते धुके तासाभरात निघून जाई, म्हणून मी त्याकडे दुर्लक्ष केले. ही चूक पुढे महागात पडली.

मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य जो गेला तो जुलैच्या अखेरीसच पुन्हा वर आला. या दोन महिन्यांत बारा तासांच्या डायलवर विश्वास ठेवता येत नाही. एकदा मी झोपेतून उठलो, घड्याळात आठ वाजलेले पाहिले, दाढी केली आणि नाश्त्यासाठी स्वयंपाकघरात गेलो. तिथे रात्रीच्या जेवणाची भांडी घासणे चालू होते. चार तास झोपलो होतो आणि मला ते सोळा वाटले होते. सगळे हसले, मीही हसलो, पण खोलीत परत आल्यावर थोडी भीती वाटली हेही खरे.

२१ जून हा दक्षिण ध्रुवाकडच्या सगळ्या केंद्रांचा सण. हिवाळ्याचा मध्य. १९९५ च्या त्या रात्री, किंवा दुपारी म्हणा, आम्ही रशियनांकडे जेवायला गेलो. याच केंद्रावर १९६१ च्या एप्रिलमध्ये रोगोझोव्ह या डॉक्टरांनी स्वतःचे अपेंडिक्स स्वतःच कापून काढले होते. केंद्रावर दुसरा डॉक्टरच नव्हता. जेवताना माझ्या शेजारी त्यांच्या डिझेल जनित्रांचा मेकॅनिक बसला होता. त्याला इंग्रजीचे तीसएक शब्द येत होते, मला रशियनचे पाच. माझ्या नाश्त्याची गोष्ट मी त्याला खाणाखुणांनी सांगितली. त्यावर त्याने स्वतःच्या मनगटावरचे घड्याळ काढून टेबलावर ठेवले. डायलवर एक ते चोवीस आकडे, तासकाटा दिवसातून एकदाच फिरणारा. सकाळचे आठ आणि रात्रीचे आठ वेगवेगळ्या जागी. मी ते इतका वेळ न्याहाळत राहिलो असेन की त्याने माझ्या ‘पायलट’कडे बोट दाखवले आणि दोन्ही हातांनी अदलाबदलीची खूण केली. त्याला एचएमटीच्या डायलवरची देवनागरी अक्षरे आवडली होती.

ते घड्याळ ‘राकेता’. लेनिनग्राडजवळच्या पेत्रोद्वोरेत्स कारखान्यात बनलेले, १९ ज्वेलचे २६२३ क्रमांकाचे मशीन. राकेता म्हणजे अग्निबाण. गागारीनच्या अंतराळ उड्डाणानंतर १९६१ मध्ये कारखान्याने हे नाव घेतले. मार्च १९९६ मध्ये मी परतलो. घरी सगळ्यांनी ते घड्याळ उलटेसुलटे करून पाहिले, दुपारी बाराला तासकाटा खाली सहाच्या जागी दिसतो म्हणून नावे ठेवली, आणि २००३ च्या सुमारास ते बंद पडल्यावर कोणालाच फारसे वाईट वाटले नाही. मीही ते रुमालात गुंडाळून कपाटात ठेवले.

निवृत्तीनंतर मला जुन्या घड्याळांचा नाद लागला. २०१६ मध्ये सरकारने एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करण्याचा निर्णय घेतल्यावर लोक अचानक ती शोधू लागले, त्यांत मीही होतो. मला अर्थात दिलेल्या ‘पायलट’सारखे दुसरे हवे होते. दर रविवारी सकाळी जुन्या बाजारात जायचे, भिंग खिशात ठेवायचे आणि मागचे झाकण उघडून दाखवल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, हे मी हळूहळू शिकलो. नव्याने रंगवलेल्या डायलच्या घड्याळांना संग्राहक थोड्या तुच्छतेने ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. डायल झगझगीत, मिनिटांच्या रेघा असमान, अक्षरे किंचित जाड, आणि आत तीन वेगवेगळ्या घड्याळांचे भाग. माझ्या पहिल्या पाच खरेदींपैकी तीन अशीच होती. इतकी घड्याळे घेऊन झाली, तरी घरातले खरे जुने घड्याळ बंदच आहे, ही गोष्ट जून २०२३ मध्ये माळा आवरताना बायकोने लक्षात आणून दिली.

पहिल्या दुकानात काउंटरवरूनच नकार मिळाला. ‘रशियन मशीनचे पार्ट मिळत नाहीत, वेळ घालवू नका.’ हा प्रामाणिक नकार होता आणि त्याबद्दल मी आजही आभारी आहे. दुसऱ्या दुकानात, त्याचे नाव देत नाही, ‘आठ दिवसांत करतो’ म्हणून घड्याळ ठेवून घेतले. पावतीवर फक्त ‘रिस्टवॉच, १ नग’ असे लिहिले होते. आठ दिवसांचे पाच आठवडे झाले. घड्याळ परत मिळाले तेव्हा सहाशे रुपये घेऊन सांगण्यात आले की सर्व्हिसिंग झाले, पण ‘मशीन थकले आहे’. घरी भिंगाखाली पाहिले तर हेअरस्प्रिंगची, म्हणजे बॅलन्सच्या चाकाला हेलकावणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगची, वर्तुळे एका बाजूला चिकटलेली आणि एक वेढा सरळ वाकलेला. ती आधीपासून तशी होती की तिथे झाली, हे सिद्ध करायला माझ्याकडे काहीही नव्हते. तेव्हापासून मी घड्याळ देण्याआधी झाकण उघडायला लावून मशीनचे दोन स्पष्ट फोटो काढतो, डायलचा एक काढतो, आणि पावतीवर मशीनचा क्रमांक लिहायला सांगतो. चांगला कारागीर याने चिडत नाही.

वाकलेली हेअरस्प्रिंग सरळ करणारे हात आता फार थोडे उरले आहेत. सोपा मार्ग म्हणजे चाक आणि स्प्रिंगसह अख्खा बॅलन्सच बदलणे. थोडे वाचन केल्यावर कळले की राकेताच्या २६०९ या बारा तासांच्या साध्या मशीनचा आणि माझ्या २६२३ चा पाया एकच आहे. चोवीस तासांच्या मशीनमध्ये वेगळा आहे तो काट्यांकडचा चाकांचा भाग. २६०९ ची घड्याळे ढिगाने बनली आहेत. जुन्या बाजारात तीन रविवार शोधूनही ते मिळाले नाही, म्हणून सप्टेंबरमध्ये युक्रेनमधील एका विक्रेत्याकडून, सुट्या भागांसाठी म्हणून, बंद पडलेले एक २६०९ मागवले. घड्याळ २२ डॉलर आणि टपालखर्च १४ डॉलर, म्हणजे सुमारे २,९९० रुपये. ज्या देशात रोज बॉम्ब पडत होते तिथला माणूस माझ्या हौसेपायी टपाल कचेरीत जाऊन रांगेत उभा राहणार, याचा मला संकोच वाटला. तसे मी त्याला लिहिलेही. त्याचे उत्तर आले, की ऑर्डर आली की बरे वाटते, कृपया संकोच करू नका.

पैसे देताना पहिली अडचण आली. आपल्या बँकेचे कार्ड परदेशी व्यवहारांसाठी मुळात बंद असते. ते बँकेच्या अॅपमध्ये जाऊन चालू करावे लागते आणि काम झाल्यावर आठवणीने बंद करावे लागते. हे न कळल्यामुळे माझा व्यवहार तीनदा नाकारला गेला आणि विक्रेत्याला वाटले की मी टाळाटाळ करतो आहे.

पाकीट २१ सप्टेंबरला निघाले. युक्रेनचे आकाश २०२२ पासून नागरी विमानांना बंद असल्यामुळे तिथले टपाल आधी जमिनीवरून शेजारच्या देशात जाते आणि मग विमानात चढते, तेव्हा घाई करण्यात अर्थ नव्हता. २ नोव्हेंबरला ते भारतात पोचल्याचे दिसले आणि त्यानंतर पुढे सरकेनाच. पंधरा दिवसांनी साध्या टपालाने कस्टम्सचे एक पत्र आले: ओळखपत्राची प्रत, पत्त्याचा पुरावा, खरेदीचे बिल, पैसे दिल्याचा पुरावा आणि वस्तूचे वर्णन सादर करावे. मुदत पत्राच्या तारखेपासून मोजलेली होती आणि पत्रच नऊ दिवस उशिरा आले होते. मी सगळे कागद त्याच दिवशी स्पीड पोस्टने आणि ई-मेलने, असे दोन्हीकडून पाठवले.

या टप्प्यावरून जाणाऱ्यांना दोन गोष्टी सांगतो. वस्तूच्या वर्णनात ‘पुरातन’ किंवा ‘दुर्मीळ’ असे शब्द अभिमानाने लिहू नयेत. ‘वापरलेले, बंद अवस्थेतील मनगटी घड्याळ, सुट्या भागांसाठी, वैयक्तिक वापर’ एवढेच लिहावे, कारण ते खरे असते आणि त्यावर पुढचे प्रश्न निघत नाहीत. आणि विक्रेत्याला पाकिटावर ‘भेट’ असे लिहायला सांगू नये. ते खोटे तर आहेच, शिवाय भेटवस्तूंवरची शुल्कमाफी डिसेंबर २०१९ पासून बंद झालेली आहे, त्यामुळे त्याचा उपयोगही होत नाही.

२३ डिसेंबरला पोस्टमन दारात आला. सीमाशुल्क २,३१० रुपये, म्हणजे वस्तू आणि टपालखर्च मिळून जी रक्कम झाली तिच्या तीन चतुर्थांशाहून अधिक, आणि तेही रोख. बायकोने पैसे आणून दिले आणि पाकीट उघडल्यावर काच फुटलेले, चावी नसलेले घड्याळ बघून काही न बोलता आत गेली. परदेशातून काहीही मागवण्याआधी शुल्क धरून किंमत काढावी; मी ती नंतर काढली.

तिसरा कारागीर मला जुन्या बाजारातल्याच एका विक्रेत्याने सुचवला. साताऱ्यात राहतात, वय पंचाहत्तरच्या आसपास, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. ते सकाळी दहा ते बारा एवढाच वेळ, खिडकीच्या उजेडात काम करतात. १६ जानेवारी २०२४ ला मी एसटीने गेलो. पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्यांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे प्रवास हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत स्वस्त भाग ठरला. अण्णांनी झाकण उघडले, डोळ्याला भिंग लावले आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग विचारले, “पाण्यात पडलं होतं का हे?”

मी म्हणालो, “नाही अण्णा, पाण्यात कधीच नाही. बर्फात होतं, वर्षभर.”

“बर्फानं असं होत नाही. गंज बघा कुठं आहे.” त्यांनी भिंग माझ्या हातात दिले. चावीच्या दांड्याजवळच्या स्प्रिंगवर आणि डायलच्या खालच्या पट्टीवर तपकिरी ठिपके होते. “बाहेर गारठलेलं घड्याळ तुम्ही खोलीत आणत होता. खोलीत माणसं, चहा, आंघोळी, सगळी वाफ. ती वाफ गार धातूवर धरते. दिवसातनं किती वेळा आत-बाहेर करत होता?”

दर तीन तासांनी, मी सांगितले. त्यांनी मान हलवली. “म्हणजे थंडीनं नुसतं थांबवलं. खाल्लं ते उबेनं.”

काचेच्या आतले ते धुके मी वर्षभर रोज पाहिले होते. हवामान निरीक्षकाला दवबिंदू म्हणजे काय हे दुसऱ्याने समजावून सांगावे लागले, याची मला तिथेच लाज वाटली. उपाय साधा होता, आणि आता काश्मीर-लडाखला जाणाऱ्या प्रत्येकाला मी तो सांगतो: बाहेर गार झालेले घड्याळ किंवा कॅमेरा आत आणण्याआधी बाहेरच हवाबंद पिशवीत घालावा आणि तो खोलीइतका उबदार होईपर्यंत पिशवी उघडू नये. दव पिशवीवर धरते, यंत्रावर धरत नाही.

अण्णांनी अडीच हजार रुपये सांगितले आणि मुदत सांगितली नाही. मशीन पूर्ण सुटे करून धुणार, वाळून चिकट झालेले जुने तेल काढणार, गंजलेली स्प्रिंग साताऱ्यातच घडवणार, मागवलेल्या घड्याळातला बॅलन्स बसवणार. मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला: डायल नवीन करून देऊ का? डायलच्या खालच्या अर्ध्या भागात, बाराच्या आकड्याजवळ, पाण्याच्या डागासारखी फिकट कड आहे. मी नको म्हणालो. ते म्हणाले, “बरं झालं. मी करूनच देणार नव्हतो, नुसतं विचारलं.”

फेब्रुवारीत दोनदा फोन केला, दोन्ही वेळा ‘अजून नाही’. मार्चमध्ये कळले की बॅलन्स बसला, पण आडवे ठेवल्यावर घड्याळ पुढे जाते आणि उभे धरल्यावर मागे. असे असताना घाई करून घड्याळ घेऊन जाणे हा संग्राहकांचा नेहमीचा उतावीळपणा असतो, आणि मी स्वतः दोनदा तो करून पस्तावलो आहे. अण्णांनी ते डायल वर, डायल खाली आणि चावी खाली अशा तीन स्थितींत पंधरा दिवस चालवून पाहिले आणि रोज वहीत सेकंद लिहिले. ९ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, त्यांचा फोन आला. दुसऱ्या दिवशी मी साताऱ्यात होतो.

घड्याळ हातात देताना त्यांनी बजावले की फ्रीजमध्ये ठेवून बघू नका. मी गप्प राहिलो. माझे एक एचएमटी ‘जनता’ मी दोन वर्षांपूर्वी असेच एक तास बर्फाच्या कप्प्यात ठेवून पाहिले होते, आणि ते थांबल्यावर मला विनाकारण आनंद झाला होता. अण्णांनी माझ्याकडे पाहिले आणि ते ओळखले असावे.

खर्चाचा हिशोब असा झाला: दुसऱ्या दुकानाचे सहाशे, युक्रेनचे घड्याळ २,९९०, शुल्क २,३१०, अण्णांचे अडीच हजार, नवी काच दीडशे आणि पट्टा साडेतीनशे. एकूण ८,९००, एसटी वेगळी. यातले सहाशे फुकट गेले आणि शुल्काचा अंदाज आधी घेतला असता तर मी कदाचित जुन्या बाजारात आणखी सहा रविवार काढले असते. बाकी खर्चाबद्दल तक्रार नाही. मागवलेल्या मशीनचे उरलेले भाग, छोट्या डब्यांत नीट लावलेले, अण्णांनी परत दिले; ते मागून घ्यावेत, पुढच्या दुरुस्तीला कामी येतात.

आता ते दिवसाला बारा-चौदा सेकंद पुढे जाते. मी ते भारतीय वेळेवर लावलेले नाही. ग्रिनिच वेळेवर लावले आहे, मैत्रीवर होते तसे. पहाटे साडेपाचला तासकाटा बरोबर वर, चोविसावर येतो. निरीक्षकांच्या भाषेत शून्य तास, जगभरच्या केंद्रांवर नोंद घेण्याची वेळ. मी तेव्हा उठलेलोच असतो. चहा ठेवायचा आणि चावी द्यायची, वीस-बावीस वेढे. पुढे बोटाला ताण जाणवला की तिथेच थांबायचे, जोर लावायचा नाही, हे अण्णांनी मला तीनदा सांगितले आहे.